चार वर्षांचा फोन टाकून द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाच्या आईकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला साधा अँड्रॉइड फोन आहे. मागचं पॅनेल एका बाजूनं उचललं गेलंय, चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि ३० टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. बेळगावातल्या सर्व्हिस सेंटरनं दुरुस्तीचा आकडा नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त सांगितला आणि वर ‘मॉडेल जुनं झालं, नवाच घ्या’ असं सुनावलं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात का? या फोनवर पैसे घालण्यात अर्थ आहे का? आणि नवा घ्यायचाच झाला तर मराठीत नीट चालणारा कोणता घ्यावा?

मी बेळगावात मोबाईल दुरुस्ती करतो, नोकियाचे बटणांचे फोन काउंटरवर यायचे तेव्हापासून. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी बॅटरी, कारण त्यात वाट बघण्यासारखं काही नाही. पॅनेल उचललं गेलंय म्हणजे बॅटरी फुगली आहे. आतली रसायनं बिघडून वायू साठतो आणि बॅटरीची पिशवी टम्म होते. आजपासून तो फोन चार्जिंगला लावू नका. आईंनी उशाशी घेऊन झोपणं तर ताबडतोब बंद. पॅनेल दाबून बसवू नका, घरी पिनेनं किंवा सुरीनं उघडू नका. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेते. फोन बंद करा, खिशात न ठेवता पिशवीत सैल ठेवा आणि दुकानात आणून द्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. ई-कचरा नेणाऱ्यांकडे ती देतो का, हे दुकानदाराला विचारा आणि त्याच्याकडेच सोडा.

३० टक्क्यांवर बंद पडण्याचं मूळही तिथंच आहे. लिथियमची बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज एकदा चार्ज करणाऱ्यावर ही वेळ दीड-दोन वर्षांत येते. क्षमता घटते तसा बॅटरीच्या आत विजेला होणारा रोध वाढतो. कॅमेरा उघडला किंवा व्हिडिओ कॉल लागला की फोन एकदम जास्त करंट ओढतो, थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज झटकन खाली येतं आणि फोन बंद होतो. वर दिसणारी टक्केवारी हा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की तो अंदाज चुकायला लागतो.

आता कंपन्यांचं. मुद्दाम स्लो करण्याचं एक प्रकरण जगजाहीर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोन ६, ६एस, एसई आणि ७ यांचा वेग अपडेटमधून कमी केला होता. कारण दिलं ते मी वर सांगितलं तेच: जुन्या बॅटरीवर ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये. तांत्रिकदृष्ट्या ते कारण खरं आहे. पण हे ग्राहकाला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळा अन्याय त्या न सांगण्यात आहे. नवी बॅटरी टाकली की फोन पूर्वीसारखा पळतो, एवढं कळलं असतं तर कितीतरी लोकांनी नवा फोन घेतलाच नसता. फ्रान्सनं याच न सांगण्याबद्दल २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीनं ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोठावला होता, जुन्या फोनना न झेपणारी अपडेट घ्यायला लावली म्हणून.

तरी प्रत्येक स्लो फोनमागे कट आहे असं मी म्हणणार नाही. काउंटरवर येणाऱ्या दहा-बारा हजारांच्या फोनची कारणं बहुतेक साधी असतात. या फोनमधलं स्टोरेज स्वस्त जातीचं असतं, आणि ते काठोकाठ भरलं की प्रत्येक कामाला वेळ लागतो. बॅटरी बदलून झाली की आईंचा फोन चालू करून बघा: व्हॉट्सॲपच्या गटांवर आलेले ‘शुभ सकाळ’चे फोटो आणि भजनाचे व्हिडिओ सगळी जागा खाऊन बसलेले असणार. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी केली तर फरक त्याच दिवशी जाणवतो. दुसरं कारण ॲप वर्षागणिक जड होतात, फोनची रॅम मात्र तेवढीच राहते. जाहिरातीतल्या ‘व्हर्च्युअल रॅम’वर जाऊ नका, ती त्याच संथ स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते.

माझं म्हणणं या दोन टोकांच्या मधलं आहे. फोन सहसा मोडत नाही, त्याला जगवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून घेतल्या जातात. कंपनीची बॅटरी मिळेनाशी होते, अपडेट थांबतं, बाहेरून भाग बसवला तर सॉफ्टवेअर तो ओळखायला नकार देतं. पैसे देऊन घेतलेली वस्तू किती वर्षं चालवायची हे घेणाऱ्यानं ठरवायला पाहिजे, आणि आज ते विकणारा ठरवतो.

तुमच्या फोनवर पैसे घालण्यात अर्थ आहे का? माझ्या टेबलावर आला तर काय करीन ते सांगतो, म्हणजे इतर दुकानात गेलात तरी काय बघायचं ते कळेल. पॅनेल गरम करून प्लास्टिकच्या पातळ पत्तीनं उघडायचं, सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवायची. नवी बॅटरी लगेच बसवायची नाही. आधी बोर्ड, म्हणजे फोनचं मुख्य सर्किट, डीसी सप्लायला (मोजून वीज देणाऱ्या यंत्राला) जोडून साधारण चार व्होल्ट द्यायचे आणि आकडा बघायचा. फोन बंद असताना करंट शून्यावर राहिला पाहिजे. बटण न दाबताच तो थोडा जरी वर दिसला, तर कुठंतरी लीकेज, म्हणजे विजेची गळती, आहे आणि नवी बॅटरीही तशीच उतरणार. जांबोटी, कणकुंबीकडचे फोन पावसाळा सरला की याच तक्रारीनं येतात. त्या पट्ट्यातला पाऊस आणि घरातली ओल तुम्हाला मी सांगायला नको. चार्जिंगच्या पट्टीवर (जिथं चार्जरची पिन लागते त्या छोट्या सर्किटवर) हिरवट गंज चढलेला असतो, पिनांच्या मध्ये बारीक रेघ दिसते. पट्टी साफ करून किंवा बदलून आकडा शून्यावर आला की मग नवी बॅटरी. हे न करता नुसती बॅटरी बदलून दिली की माणूस महिन्याभरात परत येतो आणि दुरुस्तीवरचा त्याचा विश्वास कायमचा उडतो. तो विश्वास जाणं मला फार लागतं, कारण मग तो चांगला फोनही टाकून देतो.

बॅटरी कॉपी आहे की चांगली, हे छापलेल्या आकड्यावरून कळत नाही. आकडा कोणीही छापतं. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि त्याखालचा नोंदणीचा आर-नंबर बघा, बनवल्याची तारीख बघा. दोन वर्षं गोदामात पडलेली नवी बॅटरी नवी नसते. शक्य असेल तर जुनी आणि नवी हातात घेऊन वजन बघा. आकडा सारखा आणि वजन बरंच हलकं असेल तर परत करा. साध्या फोनची बॅटरी फिटिंगसह हजार-बाराशेच्या आगेमागे बसते. पट्टी लागली तरी फार वाढत नाही. स्क्रीन, म्हणजे आमच्या भाषेत फोल्डर, शाबूत असेल आणि बोर्डवर पाणी गेलेलं नसेल, तर तुमच्या आईंचा फोन आणखी दोन वर्षं आरामात चालेल. फोल्डरही गेला असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा मी स्वतःच ‘नको’ म्हणतो.

मग सर्व्हिस सेंटरनं एवढा आकडा का सांगितला? तिथं बहुधा आयसी, म्हणजे बोर्डवरची एखादी चिप, बदलत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. तिथल्या मुलांना दोष देऊ नका, त्यांना वरून तशीच परवानगी असते. दोष पद्धतीचा आहे. आपलं बेळगाव फाउंड्रीचं गाव. उद्यमबागेत जुन्या पंपाचा किंवा लेथचा भाग घेऊन गेलात तर त्याच्यासारखा दुसरा करून देणारा कारागीर सापडतो, कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही. फोनमध्ये तसं राहिलेलं नाही. अस्सल स्क्रीन दुसऱ्या फोनमधून काढून बसवली तरी काही मॉडेल ‘अनोळखी भाग’ अशी सूचना दाखवतात आणि एखादी सोय बंद करतात. आपल्याच कर्नाटक राज्यात कोलारजवळ नरसापूरला आयफोन जोडले जातात. पण त्याच फोनचा एखादा भाग बेळगावातल्या माझ्यासारख्या दुकानदाराला अधिकृतपणे मागवायचा म्हटला, तर ते सोपं नाही.

या बाबतीत काही देशांनी कंपन्यांना वाकवलं आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट किमान पाच वर्षं दिले पाहिजेत, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के उरली पाहिजे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून सॉफ्टवेअरनं भाग जखडून ठेवायला मनाई केली. चार्जरचंही तसंच झालं. युरोपनं यूएसबी-सी सक्तीचं केलं, म्हणून २०२३ च्या आयफोन १५ ला ते बसलं, आणि आज आपल्या घरात एकच वायर सगळ्यांना चालते.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. फोन दुरुस्तीला किती सोपा आहे याचा निर्देशांक कसा असावा, यावर नेमलेल्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवालही दिला. हे चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. डब्यावर विजेच्या उपकरणांसारखे तारे छापले पाहिजेत, म्हणजे खडेबाजारात उभ्या असलेल्या माणसाला कळेल की हा फोन उघडता येतो की नाही. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या एकाही उमेदवाराच्या तोंडी हा विषय मी ऐकलेला नाही, आणि याचा मला राग आहे. पन्नास रुपयांच्या भागापायी गरीब घरातले दहा-बारा हजार दर तीन वर्षांनी जातात, त्यातच १८ टक्के जीएसटी. हा पोटाचा प्रश्न आहे. तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. सर्व्हिस सेंटरकडून खर्चाचा अंदाज लेखी मागा, त्यात कुठला भाग बिघडला ते लिहून घ्या, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. नुसतं लेखी मागितल्यानंही बोलण्याचा सूर बदलतो.

सरकारचा विषय निघालाच आहे तर एक बोलून टाकतो. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे चोरीचे फोन शोधण्या-तपासण्याचं सरकारी ॲप आधीच टाकून द्यायचा आदेश काढला. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला. मी त्या सेवेचा चाहता आहे. चोरीचा फोन देशभर बंद करण्याची सोय २०२३ पासून सगळ्यांना मिळाली. कोल्हापुरात चोरलेला फोन खानापुरात चालवायचा म्हटला तरी आता सापडू शकतो. पण माझ्या फोनमध्ये काय राहावं हे मी ठरवणार. कंपनीनं कोंबलेली, काढता न येणारी ॲप मला चालत नाहीत, तर सरकारचं का चालावं? जुना फोन घेणार असाल तर ॲपशिवायही काम होतं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडा, तो आकडा टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर लगेच कळतं. गोव्याकडून, पुण्याकडून स्वस्तात आलेला बिनबिलाचा फोन ही तपासणी केल्याशिवाय घेऊ नका. आधीच्या मालकाचं हप्त्याचं कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाल्यांचं लॉक आत दडलेलं असू शकतं, तेही विचारा.

आता मराठी. फोन कुठला हा प्रश्न इथं जवळजवळ उरलेला नाही. भारतात विकला जाणारा प्रत्येक फोन सगळ्या अधिसूचित भारतीय भाषा दाखवू शकला पाहिजे, असं मानकच आहे. सेटिंगमधून भाषा मराठी केली की मेनू मराठीत येतो, आणि कीबोर्डवरचा माइक दाबून बोललं तर मराठी लिहिलं जातं. गूगलनं ही सोय २०१७ मध्ये दिली. ज्यांना टाइप करणं जड जातं अशा आयांना पहिल्यांदा हेच शिकवा. बेळगावच्या बोलण्यातला हेल त्याला सुरुवातीला कळत नाही, जरा सावकाश बोलायला सांगा.

खरी अडचण फोनच्या पलीकडे आहे. शेताचा उतारा कन्नडमध्ये, सरकारी कामांच्या सेवा सिंधू पोर्टलवरचे अर्ज कन्नड आणि इंग्रजीत, राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाल्याचा किंवा अडकल्याचा संदेशही मराठीत नाही. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण स्वतःच्या जमिनीचा कागद आणि स्वतःच्या पैशाचा संदेश वाचता यावा, एवढी मागणी कुठल्याही राज्यातल्या माणसाची असू शकते. ॲपमध्ये आणखी एक भाषा घालायला आज रस्ता बांधण्याएवढा खर्च येत नाही. आमच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी. कन्नड शेजाऱ्यांशी यात भांडण असण्याचं कारणच नाही. माझ्या दुकानात अर्धं बोलणं कन्नडमध्ये होतं आणि कोणाचंच काही अडत नाही.

तोवरचा मार्ग असा. गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा कन्नड कागदावर धरला तर मजकूर मराठीत दिसतो. नोटीस कशाबद्दल आहे हे कळायला तो पुरेसा आहे. मात्र नावं आणि सर्व्हे नंबर यांवर त्याचा भरवसा धरू नका, सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या. अँड्रॉइड १३ पासून, ज्या ॲपमध्ये सोय असेल त्याची भाषा वेगळी ठेवता येते. फोन मराठीत आणि बँकेचं ॲप इंग्रजीत ठेवलं तर तुम्हाला फोनवरून आईंना ‘कुठलं बटण दाब’ हे सांगणं सोपं जाईल.

नवा घ्यायचीच वेळ आली तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडा, दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार आणि याची बॅटरी, फोल्डर बेळगावात मिळतात का. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे, पण ते महागडे फोन आहेत. स्वस्तात चार वर्षं अपडेट लेखी देणारा मिळाला तरी चांगला समजा. अपडेट थांबलं म्हणजे फोन दुसऱ्या दिवशी निकामी होतो असं नाही, पण हळूहळू बँकेची ॲप नकार देतात. व्हॉट्सॲपसुद्धा १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या किटकॅट या जुन्या आवृत्तीवर बंद झालं. भरपूर खपलेलं मॉडेल घ्या. त्याचे भाग गणपत गल्लीतही मिळतात आणि निपाणीतही.

५जी साठी जादा पैसे मोजायच्या आधी तुमच्या गावात काय मिळतं ते बघा. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत ४जीची सुद्धा ओढाताण आहे. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकदीनं लहरी सोडतो, बॅटरी त्यातच जाते. दुरुस्तीनंतर आईंच्या फोनमध्ये नेटवर्क ५जी-ऑटोवर असेल तर ते फक्त ४जीवर आणा आणि रात्री विमान मोड लावा. काही फोनांत डेटा रोमिंग बंद असलं की कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेल्यावर किंवा चोर्ल्यातून गोव्याकडे उतरल्यावर नेट गायब होतं. ते चालू ठेवा, आताच्या प्लॅनमध्ये देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोटो फोन बंद करण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा, पण फोन चार्जिंगला न लावता, आहे त्या चार्जवर जमतील तेवढेच. बॅटरी बदलायला लॉकचा पिन द्यावा लागत नाही. मागितला तर समोर बसून स्वतः टाका. आईंचा तो नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला असणार, म्हणून सिम त्या दिवसापुरतं घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चुकणार नाही.